विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप: गोव्यात कॉलेज आणि कंपनीची गाठ कशी घालायची

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं की कुणा ना कुणा प्राध्यापकाच्या टेबलावर एक फाइल येऊन पडते. वर लिहिलेलं असतं ‘इंडस्ट्री टाय-अप’. आत दोन-तीन जुने सामंजस्य करार, पिवळी पडलेली व्हिजिटिंग कार्डं आणि सह्या करतानाचा एक फोटो. हा लेख त्या प्राध्यापकासाठी आहे, आयटीआयमध्ये नव्याने हे काम अंगावर आलेल्या इन्स्ट्रक्टरसाठी आहे, आणि चाळीस-पन्नास माणसांचा कारखाना चालवणाऱ्या त्या मालकासाठीही आहे, ज्याच्या केबिनमध्ये एखादं कॉलेज पहिल्यांदाच येऊन बसणार आहे.

मी हे काम फोंडा तालुक्यात करतो. पहिल्या वर्षी माझ्या हातून काय झालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे. एका कारखान्याने अठरा मुलं मागितली, मी अठरा मुलं दिली. कागद बरोबर, विद्यावेतन वेळेवर, हजेरी चोख. तीन महिने त्या मुलांनी खोक्यांवर लेबलं चिकटवली. चौथ्या महिन्यात अकरा जण घरी बसले. त्यातली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, “सर, इंटरव्ह्यूत विचारलं काय शिकलीस, तर मी काय सांगू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारखान्याला दोष देणं सोपं होतं, पण मुलांनी तिथे नेमकं काय शिकायचं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त किती मुलं घेता एवढंच विचारलं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. जागा वाढवायच्या असतील तर आधी चार-पाच जागा नीट चालवायच्या. आणि जागा नीट चालते ती शॉपफ्लोअरवरच्या एका माणसामुळे, जो त्या मुलाला रोज नावाने हाक मारतो. तो माणूस कोण हे कळेपर्यंत मी आता कुठल्याही करारावर प्राचार्यांची सही घेत नाही.

पहिलं काम: शब्द नीट समजून घ्या

इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप हे शब्द आपल्याकडे सरमिसळ वापरले जातात. फरक मोठा आहे. इंटर्नशिप म्हणजे कॉलेज आणि कंपनी यांच्यातली समजूत. पैसे मिळतील, न मिळतील. अप्रेंटिसशिपला कायदा आहे: शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. (तो १२ डिसेंबर १९६१ चा. गोवा मुक्त व्हायला तेव्हा एक आठवडा उरला होता.) या कायद्याखाली कंपनी आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदला जातो आणि किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. याचे फायदे दोन्ही बाजूंना आहेत, तसेच काटेही आहेत. ते पुढे येतील.

कुठल्या कंपनीला हा कायदा लागू होतो? २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. यात कंत्राटी माणसंही मोजायची. म्हणजे ऐंशी माणसांच्या कारखान्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त बारा. चार ते एकोणतीस माणसं असतील तर घेणं ऐच्छिक आहे. गोव्यातले बरेच छोटे कारखानदार ‘आम्हाला ते लागू नाही’ म्हणतात आणि तिथेच विषय संपवतात. लागू नसलं तरी घेता येतात, हे त्यांना सांगायचं काम आपलं.

कोणत्या दारातून जायचं

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एका उमेदवारासाठी एकच दार निवडायचं.

आयटीआयची मुलं, दहावी-बारावीनंतरची मुलं, छोटे कौशल्य अभ्यासक्रम केलेली मुलं यांच्यासाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आहे, म्हणजे ‘नॅप्स’. ती २०१६ मध्ये सुरू झाली. यात केंद्र सरकार विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, आणि तो थेट मुलाच्या खात्यात जमा होतो. राज्यात यासाठी कौशल्य विकास आणि उद्योजकता संचालनालयाकडे जायचं.

डिप्लोमा आणि पदवी पूर्ण केलेल्यांसाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना आहे, ‘नॅट्स’. ती शिक्षण मंत्रालयाची. आपला गोवा पश्चिम विभागात येतो, त्याचं मंडळ मुंबईत शीवला आहे. इथे सरकार किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा देतं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळ्यांना हे दार उघडं आहे. इंजिनीअरिंगचीच मुलं लागतात हा समज मी अजून दर वर्षी खोडून काढतो.

तिसरं दार पदवी चालू असतानाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं, चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रं मुलगा कंपनीत प्रशिक्षण घेऊ शकतो आणि त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात. गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण आल्यावर या दाराला महत्त्व आलं. पण हे दार उघडायला वेळ लागतो. अभ्यास मंडळ, विद्वत् परिषद, वेळापत्रक सगळं बदलावं लागतं. पहिल्याच वर्षी इथे हात घालू नका. आधी नॅट्स किंवा नॅप्समधून चार मुलं पाठवा, कंपनी कशी आहे ते बघा, मग त्याच कंपनीला घेऊन अभ्यासक्रम बांधायला बसा.

पैशाचा हिशेब तोंडपाठ ठेवा

मालकासमोर बसल्यावर फाइल चाळत राहिलात तर तो मोबाइलकडे बघायला लागतो. २०१९ च्या नियमांतली किमान मासिक रक्कम अशी: दहावी पास ६,००० रुपये, बारावी पास किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी पंधरा. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने सगळ्यात खालची, म्हणजे दहावीपेक्षा कमी शिकलेल्यांची रक्कम ५,००० वरून ६,८०० आणि वरची ९,००० वरून १२,३०० करावी अशी शिफारस केली. म्हणून करार कराल त्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघूनच बोला.

मालकासाठी हिशेब असा मांडा. पदवीधर अप्रेंटिस ९,००० ला घेतला, नॅट्समधून ४,५०० सरकारचे, तर कंपनीच्या खिशातून महिन्याला ४,५०० आणि वर्षाला ५४,०००. आयटीआयचा मुलगा ७,००० ला घेतला तर पंचवीस टक्के होतात १,७५०, पण मर्यादा १,५०० ची, म्हणजे कंपनीचे ५,५००. हे किमान आहे. कंपनीला जास्त द्यायला कुणी अडवलेलं नाही, आणि मी प्रत्येक ठिकाणी जास्तच मागतो. त्यामागचं कारण पुढच्या पायरीत आहे.

भिंतीवर नकाशा लावा

ही पायरी मी इतर कुठल्या मार्गदर्शकात पाहिली नाही, आणि गोव्यात तिच्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

गोव्याचा मोठा नकाशा घ्या. त्यावर तुमच्या विद्यार्थ्यांची गावं लाल ठिपक्यांनी मांडा. मग औद्योगिक वसाहती निळ्या. सत्तरीत होंडा आणि पिसुर्ले, डिचोलीत डिचोलीची वसाहत, फोंड्यात कुंडई, मडकई, बेथोडा, तिसवाडीत खोर्ली, बार्देशात थिवी आणि पिळर्ण, पेडण्यात तुये, केप्यात काकोडा, सासष्टीत कुंकळ्ळी आणि सगळ्यात मोठं वेर्णा. गोवा शिपयार्ड वास्कोला, नवा विमानतळ मोप्याला, हॉटेलं किनाऱ्याला. आता लाल आणि निळे ठिपके जोडून बघा. बहुतेक वेळा सगळी कॉलेजं वेर्ण्याकडे धाव घेतात, कारण नावाजलेल्या कंपन्या तिथे आहेत. आणि मुलं मात्र वाळपई, केरी, धारबांदोडा, साखळीकडची असतात.

सत्तरीतल्या एका मुलाला मी वेर्ण्याला पाठवलं होतं. पहिली शिफ्ट सकाळी सातची. तो पहाटे चारला उठायचा, काकाच्या स्कूटरवर मुख्य रस्त्यापर्यंत, तिथून फोंडा, फोंड्याहून मडगाव, मडगावहून वेर्णा. जुलैत एका सकाळी रस्त्यावर झाड पडलं आणि तो पाऊण तास उशिरा पोचला. गेटवर त्याला परत पाठवलं. त्याने मला फोन केला तेव्हा तो वसाहतीच्या फाटकाबाहेर पावसात उभा होता, डबा हातात. मी त्याला म्हटलं, आधी आडोशाला जा आणि डबा खाऊन घे. दोन आठवड्यांनी त्याने सोडलं. मुलगा हुशार होता. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात स्वच्छ जॉब त्याचा असायचा. होंड्याला, त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर, त्याच कामाचा एक छोटा कारखाना होता. मी तिथे कधी गेलोच नव्हतो.

म्हणून नियम असा करा: मुलगा घरून किती वाजता निघेल आणि रात्री किती वाजता परत येईल, हे दोन आकडे अर्जावर लिहून घ्यायचे. बस सकाळी खरोखर येते का हे मुलाने स्वतः दोन दिवस जाऊन बघायचं. येण्याजाण्याचे रोज साठ रुपये धरले तरी पंचवीस दिवसांचे दीड हजार होतात. सात हजारांतले दीड हजार प्रवासात गेले, दुपारच्या जेवणाचे वेगळे गेले, तर घरी काय नेणार? कंपनीला तीन गोष्टी विचाराच: तुमची बस कुठपर्यंत येते, कँटीनमध्ये अप्रेंटिसला कामगारांच्या दराने जेवण मिळेल का, आणि पहिल्या शिफ्टऐवजी जनरल शिफ्ट देता येईल का. कंपनीची बस फोंड्याच्या स्टँडपर्यंत येत असली तर अर्धी लढाई जिंकलीत. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या शिफ्टनंतर घरी सोडायची सोय लेखी घ्या. तोंडी ‘होईल, होईल’ चालणार नाही.

कंपनीची पहिली भेट

एचआरची वेळ घ्या, पण भेटीत प्रॉडक्शनचा माणूस हवाच असा आग्रह धरा. एचआर सही करतो. मुलाला शिकवणार आहे तो दुसराच कुणीतरी. शक्य असेल तर शॉपफ्लोअरवर फेरी मारू द्या म्हणावं, आणि फेरीत बोलण्यापेक्षा बघा. मशीनवर सेफ्टी गार्ड आहे का, तरुण पोरं कुठे उभी आहेत, सुपरवायझर त्यांच्याशी कसा बोलतो.

मालकांच्या शंका ठरलेल्या असतात. पहिली: “वर्षानंतर कायम करा म्हणून बसले तर?” कायद्यात याचं उत्तर स्वच्छ आहे. कायम करण्याचं बंधन नाही. मात्र प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना घेण्याबाबत कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. ते धोरण काय आहे हे तिथेच विचारा. दुसरी: “पीएफ, ईएसआय?” या कायद्याखाली नोंदलेल्या अप्रेंटिसला ते लागू होत नाही. पण काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची असते, हे त्याच दमात सांगा. अर्धं सांगून सही घेऊ नका. तिसरी शंका मला खरी वाटते: “शिकवायला माणूस कुठला आणू? आमचे दोनच जुने फिटर, ते कामात बुडालेले.” यावर माझं उत्तर असं की सहा मुलं घेऊ नका, दोन घ्या, आणि त्या फिटरला आठवड्यातले तीन तास शिकवायला मोकळे द्या. आमच्या इन्स्ट्रक्टरने महिन्यातून एक दिवस येऊन त्याच्याबरोबर उभं राहायचं. असं सांगितल्यावर हो म्हणणारे मालक मला जास्त भेटले आहेत. ‘पन्नास मुलं पाठवा’ म्हणणाऱ्यांपासून मात्र जरा जपून. पन्नास हवी असतील तर बहुधा त्यांना मजूर हवे आहेत.

प्रशिक्षणाचा आराखडा, आठवड्याच्या हिशेबाने

इथे वेळ द्या. बाकी सगळं घाईत झालं तरी चालेल.

कुंडईला एका छोट्या मशीन शॉपमध्ये एक फोरमन आहेत. आमच्या मुलांना त्यांच्या हाताखाली दिलं तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी लेथला हात लावू दिला नाही. कोपऱ्यातल्या क्रेटमधून एकेकाला एक रिजेक्ट पीस दिला, हातात मायक्रोमीटर दिला आणि ड्रॉइंग पुढ्यात ठेवलं. “हा पीस का टाकला ते शोधा.” पहिल्या दिवशी कुणाला सापडलं नाही. एकाने ओला पीस तसाच मोजला, एकाने मायक्रोमीटरचा शून्य तपासलाच नव्हता. फोरमन रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा पीस. दोन आठवड्यांत मुलं व्यास, टेपर, फिनिश यांतली चूक बोटाने ओळखायला लागली. मग लेथ. तिसऱ्या महिन्यात त्यातला एक मुलगा मला म्हणाला, “सर, मला आता कळतं की मी कधी चुकणार आहे.”

आराखडा त्या फोरमनच्याच पद्धतीवर बांधा. एका पानावर लिहा: पहिले दोन आठवडे सुरक्षितता, मोजमाप, ड्रॉइंग वाचणं, पुढचे चार आठवडे कुठलं मशीन, कुणाच्या हाताखाली, त्यानंतर कुठला विभाग, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी मुलाला स्वतः काय करून दाखवता आलं पाहिजे. ‘क्वालिटीची माहिती होईल’ असं लिहू नका. ‘दहा पीस मोजून स्वतः रिपोर्ट भरेल’ असं लिहा. पॅकिंग लाइनवर पाठवायचं तर पाठवा, तिथेही बॅच नंबर, लाइन क्लिअरन्स (नवी बॅच घेण्याआधी लाइन रिकामी असल्याची तपासणी), नोंदी ठेवणं शिकण्यासारखं असतं. पण किती आठवडे ते आधी ठरवा आणि त्यानंतर तिथून हलवा. माझी अठरा मुलं हलवली गेली नाहीत, एवढंच झालं होतं.

बी.कॉम.च्या मुलांना आपण विसरतो. प्रत्येक कारखान्यात स्टोअर आहे, डिस्पॅच आहे, जीएसटीची बिलं आहेत, बँकेचा ताळमेळ आहे. दोन महिने स्टोअर, दोन महिने अकाउंट्स, दोन महिने खरेदी विभाग, असा फेरा मिळाला तर ते मूल पुस्तकातलं लेजर प्रत्यक्ष बघतं. कॉमर्सच्या प्राध्यापकांनी हा आराखडा कंपनीच्या अकाउंटंटबरोबर बसून करावा. प्राचार्यांनी वरून देऊ नये.

हॉटेलांचं गणित वेगळं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सीझन. ऐन डिसेंबरात शिकवायला कुणाला उसंत नसते आणि पावसाळ्यात शिकायला पाहुणे नसतात. मी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरुवात करायला सांगतो. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस, किचन यांची ओळख आधी व्हावी, म्हणजे सीझन लागला की मूल गर्दीत उभं राहू शकतं. चारही विभाग फिरवणार हे लिहून घ्या. नाहीतर सहा महिने एकाच बँक्वेट हॉलच्या खुर्च्या मांडून संपतात.

प्रत्येक मुलाच्या हातात एक वही द्या. रोज पाच ओळी: आज काय केलं, काय चुकलं, कुणी दाखवलं. शनिवारी सुपरवायझरची सही. ही वही उद्या क्रेडिट द्यायला उपयोगी पडते. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तीस तासांना एक क्रेडिट धरतात, तेव्हा तासांचा पुरावा लागतोच.

सामंजस्य करारात काय असावं

कॉलेज आणि कंपनी यांचा सामंजस्य करार आणि कंपनी आणि उमेदवार यांचा अप्रेंटिसशिप करार हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला दीड पानाचा असावा. त्यात असू द्या: किती मुलं, कुठल्या शाखेची, विद्यावेतन किती आणि कुठल्या तारखेपर्यंत, शिकवणाऱ्या सुपरवायझरचं नाव, कॉलेजच्या समन्वयकाचं नाव, प्रवास आणि जेवणाची सोय, रजा, आणि मुलाला दुसऱ्या कामावर हलवायचं झाल्यास कॉलेजला कळवायचं. आराखड्याचं पान सोबत जोडा. रजेत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, लिहा. गोव्यातलं मूल चवथीला घरी जाणारच. आधी ठरलं नसेल तर ते न सांगता जातं, आणि कंपनी म्हणते ‘गोव्याची मुलं टिकत नाहीत’. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चवथीचे दिवस कराराच्या पहिल्या पानावरच घालतो.

पोर्टल आणि आडनाव

कंपनीची नोंदणी, मुलाची नोंदणी, जागा टाकणं, करार करणं, सगळं ऑनलाइन. कराराचा तपशील सात दिवसांच्या आत पोर्टलवर गेला पाहिजे. हे कंपनीचं काम असलं तरी छोट्या कंपनीत ते कुणालाच येत नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक दुपार ठेवा, कंपनीच्या माणसाला बोलवा आणि शेजारी बसून करून द्या. पुढच्या वर्षी तो स्वतः करेल.

मुलांच्या बाजूने अडकतं ते नावात. आपल्याकडे गावकर हे आडनाव एकाच घरात तीन स्पेलिंगांत सापडतं. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर ‘सी’, बाबांच्या रेशन कार्डावर ‘के’, मुलाच्या मार्कशीटवर मध्येच एक ‘यू’. कामत, नाईक, परब, सगळ्यांची हीच कथा. मार्कशीट आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की पोर्टल पुढे सरकत नाही. आणि सरकारी वाटा थेट खात्यात येत असल्यामुळे बँक खातं आधारशी जोडलेलं असणं गरजेचं आहे. नुसता खाते नंबर देऊन भागत नाही. हे तपासणं एप्रिलमध्येच करा. जुलैत लक्षात आलं तर मूल महिनाभर अर्ध्या पैशावर काम करतं आणि घरचे म्हणतात, कॉलेजने फसवलं.

घरच्यांची सभा

पालकांना बोलवल्याशिवाय मुलं पाठवू नका. गोव्यात घरोघरी सरकारी नोकरीची वाट बघतात, आणि त्यात चूक काही नाही. त्या नोकरीने किती घरं उभी राहिली हे मी माझ्याच वाड्यावर पाहिलं आहे. आई विचारते, “सर, हे केलं तर सरकारी फॉर्म भरता येईल ना?” येईल, असं स्पष्ट सांगा. मग सांगा की ही नोकरी नाही, वर्षाचं शिक्षण आहे, पैसे किती येतील, प्रवासाला किती जातील, शेवटी काय हातात पडेल. आधीच्या बॅचमधल्या एखाद्या मुलाला बोलवा आणि त्यालाच बोलू द्या. मी तासभर बोलून जे होत नाही ते तो दहा मिनिटांत करतो.

चालू झाल्यावर

पहिला महिना सगळ्यात नाजूक. पहिल्या आठवड्यात एक फोन, दुसऱ्यात प्रत्यक्ष भेट, त्यानंतर महिन्यातून एकदा. भेटीला गेलात की आधी मुलाला एकट्याला भेटा, मग सुपरवायझरला, शेवटी एचआरला.

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जमा व्हायला हवं. अकरा तारखेला मुलांच्या ग्रुपवर विचारा, आलं का. एकाचं जरी आलं नसेल तरी त्याच दिवशी कंपनीला फोन करा. ओव्हरटाइम अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय करून घेता येत नाही. ‘आजच्या दिवस थांब’ असं तीनदा झालं की बोला. कामाच्या ठिकाणी महिलांना लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१३ चा कायदा अप्रेंटिस मुलींनाही लागू आहे आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्या समितीच्या अध्यक्षांचं नाव पहिल्या दिवशी मुलींना आणि मुलांनाही वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या, आणि कॉलेजातल्या एका बाईंचा नंबर त्याखाली.

एखादं मूल सोडायचं म्हणालं तर लगेच समजावत बसू नका. का, ते ऐका. बहुतेक वेळा कारण बसचं किंवा घरातल्या आजारपणाचं असतं. शिफ्ट बदलून सुटण्यासारखं असतं.

शेवटचा महिना

वह्या गोळा करा, आराखड्याच्या पानावर प्रत्येक टप्प्यापुढे सुपरवायझरची नोंद घ्या, परीक्षा किंवा मूल्यमापनाच्या तारखा पोर्टलवर बघून मुलांना महिनाभर आधी सांगा. प्रमाणपत्र करारातला पूर्ण काळ संपल्यावरच मिळतं. दहाव्या महिन्यात दुसरीकडे हजार-दोन हजार जास्त मिळतात म्हणून सोडणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मग ज्या सुपरवायझरने शिकवलं त्याला कॉलेजात बोलवा. शाल-श्रीफळ करा, पण त्याआधी त्याला वर्कशॉपमध्ये न्या आणि विचारा, आमची मुलं तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांना काय येत नाही? कुंडईच्या त्या फोरमननी आमच्या लॅबमधला मायक्रोमीटर उचलला, शून्य बघितला आणि खाली ठेवला. तो चुकीचा दाखवत होता. आमची मुलं दोन वर्षं त्यावर शिकत होती. त्याच आठवड्यात आम्ही सगळी मोजमापाची साधनं तपासून घेतली, आणि पुढच्या बॅचला त्यांनी दोनाऐवजी चार मुलं मागितली.

त्या चौघांची नावं जानेवारीतच ठरवा. नकाशा पुन्हा भिंतीवर लावा. नव्या मुलांची गावं वेगळी असतील, कुठे बस बंद झाली असेल, कुठे नवा कारखाना उघडला असेल. आणि होंड्याला, पिसुर्ल्याला, तुयेला, जिथे तुमच्या कॉलेजातून अजून कुणी गेलं नाही, तिथे पाऊस सुरू व्हायच्या आधी एक चक्कर मारून या.